गिरणीच्या फाटकाशेजारचे दुकान

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना कुंभारीच्या माळावर रे नगर नावाची जी प्रचंड वसाहत उभी राहिली आहे, तिच्यातील एका घरी काही महिन्यांपूर्वी वास्तुशांतीच्या निमित्ताने जाण्याचा योग आला. विडी कामगार स्त्रिया, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक अशा असंघटित श्रमिकांसाठी ३० हजार घरांची ही योजना. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी ती वर्षानुवर्षे लढून पदरात पाडून घेतली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी तिच्यातील पहिल्या १५ हजार घरांचे हस्तांतरण झाले. त्यापूर्वी २००६ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत याच परिसरात झाली होती. ज्यांनी सारे आयुष्य भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत काढले, त्यांच्या हाती स्वतःच्या दाराची किल्ली आलेली पाहणे हा निखळ आनंदाचा प्रसंग होता. या लेखात पुढे जे म्हणावयाचे आहे त्याने त्या आनंदास कमीपणा यावा असा हेतू मुळीच नाही.

यजमान टॉवेलच्या कारखान्यात माग चालवितात. त्यांची पत्नी विड्या वळते. पाहुण्यांसाठी नवी चादर अंथरली होती. तिला हात लावताच जाणवले की तिच्यात सुताच्या जोडीला दुसराच काही धागा आहे. कोपरा उलटून पाहिला, तर नक्षीची मागची बाजू नुसती विस्कटलेली. चिठ्ठीवर मात्र ठसठशीत अक्षरांत ‘सोलापुरी चादर’ असे छापलेले होते. माझा हात तेथे थांबलेला पाहून यजमान हसले. म्हणाले, “सर, पानिपतची आहे ती. आम्हाला कळत नाही होय? पण बाजारात परवडते ती हीच.”

सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टॉवेलला कायद्याने भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. जॅकार्डवर दुहेरी विणीने काढलेली, एका अंगाला जो रंग जमिनीचा तोच दुसऱ्या अंगाला नक्षीचा अशी ही चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि तिची खरी ओळख तीच. मानांकन मिळाले, सत्कार झाले. पण ज्याच्या हाताला ही वीण अवगत आहे त्याच्याच घरात ती चादर पोचत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यात नवल वाटू नये, कारण उत्पादन करणारा आणि उपभोग घेणारा यांच्यातील अंतर वाढत जाणे हा बाजारपेठेचा स्वभावच आहे. तरीही त्या दिवशी घरी परतताना माझ्या मनात एक बंद पडलेले दुकान सारखे येत राहिले.

ते दुकान होते एका कापड गिरणीचे. कोणत्या गिरणीचे ते मुद्दाम लिहीत नाही. ज्या सोलापूरकरांनी तेथे रांग लावली आहे त्यांना नाव सांगावयाची गरज नाही, आणि पुढे जो प्रसंग सांगावयाचा आहे तो कोणा एका गिरणीच्या माथी मारण्याची माझी इच्छा नाही. फाटकाच्या डाव्या हाताला टाइम ऑफिसच्या भिंतीला लागून दोन खणांची ती जागा होती. काच नव्हती, पुतळे नव्हते, ‘या, बसा’ म्हणून पाण्याचा तांब्या पुढे करणारे कोणी नव्हते. लाकडी फळ्या, लोखंडी मीटरपट्टी, दोरीने बांधलेली कातर आणि एका बाजूस वजनाचा काटा. कापडाच्या दुकानात काटा कशाला, असा प्रश्न मला लहानपणी पडे. त्याचे उत्तर असे की तेथे माल तीन प्रकारांनी विकला जाई. चोख माल एका बाजूस, सेकंड म्हणजे डागी माल दुसऱ्या बाजूस, आणि तुकडे, म्हणजे फेंट, हे वजनावर.

येथे एक खुलासा केला पाहिजे. जिला सारे जग सोलापुरी चादर म्हणून ओळखते ती मुख्यत्वे पद्मशाली विणकरांच्या हातमागांवर आणि मागाहून यंत्रमागांवर घडली. गिरणीचा माल निराळा. मांजरपाट, लाँगक्लॉथ, धोतरे, शर्टिंग, पलंगपोस, पंचे हे गिरणीचे. परंतु घर म्हणून जे काही उभे राहते त्याला दोन्ही लागतात. आमच्या साखर पेठेतील बिऱ्हाडात गिरणीच्या दुकानातून आले नाही असे कापड क्वचितच असेल. भाकरी बांधावयाचे फडके, घागरीवरचे गाळणे, उशांचे अभ्रे, पाळण्यातील दुपटी, आजीच्या वाकळेचे अस्तर हे सगळे त्या काट्यावर तोलून आणलेले. वडील नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. दिवाळीपूर्वी आई मला पिशवी धरावयास घेऊन जाई, आणि चोख मालाच्या फळीकडे मान न वळविता सरळ सेकंडच्या फळीपुढे उभी राही.

त्या फळीमागे जे गृहस्थ असत त्यांची बरीच वर्षे फोल्डिंग खात्यात गेलेली होती. पलंगपोस उलगडून ते प्रथम त्यातील दोष दाखवीत. दोषाभोवती खडूचे वर्तुळ असे. येथे धागा तुटला आहे, येथे तेलाचा डाग आहे, येथे काठ ओढला गेला आहे. आणि मग म्हणत, “अक्का, गाठ तेवढी आहे, ऊब तीच.” आई भाव करीत नसे, कारण भाव करावयास जागाच नव्हती. दोष किती आणि त्यापायी किंमत किती उतरली हे दोन्ही तिच्यासमोर होते. मी पुढे चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना पूर्ण स्पर्धेच्या बाजारपेठेतील परिपूर्ण माहिती हे गृहीतक शिकविले. ते गृहीतक प्रत्यक्षात पाहावयाचे असेल तर त्या खडूच्या वर्तुळाइतके जवळ जाणारे उदाहरण मला दुसरे सापडले नाही. आजचे दुकान दोष लपविते आणि सवलत मिरविते. तेथे दोष आधी दाखवीत, सवलत मागून येई.

किमतीबाबतही तसेच. नियंत्रित कापडाची सक्ती गिरण्यांवर आली, तेव्हा धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल या पाच जातींच्या भरड व मध्यम कापडावर किंमत छापलेली असे. १९७८ मध्ये खाजगी गिरण्यांना या बंधनातून मोकळे करण्यात आले आणि तो भार राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांवर गेला. नियंत्रित कापडाच्या योजनेत दोष पुष्कळ होते. कापड भरड निघे, गिरण्या ते टाळू पाहत, काळ्या बाजाराच्या वाटाही होत्या. पण सामान्य माणसाच्या अंगावरील कापडाचा भाव हा सार्वजनिक चर्चेचा विषय आहे, हे त्या छापाने मान्य केले होते. नंतर ते मान्य करणेच सुटले.

आठवणींना गोडी येते ती बव्हंशी त्यातील खडे वेचून टाकल्यामुळे, म्हणून आता खड्यांविषयी लिहितो. ते दुकान सर्वांचे नव्हते. कायम कामगाराला पास असे आणि पासावर सवलत मिळे. बदली कामगार, जो दररोज सकाळी भोंग्याच्या वेळी फाटकाशी येऊन ‘आज घेणार का’ म्हणून उभा राही, त्याला पास नव्हता. विडी वळणाऱ्या बाईला तर नव्हताच. उधारी पगारातून कापली जाई. मजुरी मालाच्या रूपाने न देता चलनी नाण्यांत वा नोटांतच दिली पाहिजे असे १९३६ चा वेतन कायदा सांगत होता, आणि इंग्लंडात तर यासाठी १८३१ सालीच कायदा करावा लागला. मालकाचेच दुकान आणि मालकाचाच पगार या जोडीत कामगार कसा अडकतो, हे सांगावयास फार दूर जावे लागत नाही. आमच्या वाड्यातील एक साळखात्यातील कामगार पगाराच्या दिवशी घरी येई तेव्हा त्याच्या हातात पाकीट पातळ आणि कापडाचे गाठोडे जाड असे. त्याच्या बायकोने एकदा आईला विचारले होते, “मास्तरीणबाई, पंचे शिजवून घालू का पोरांना?” हे वाक्य मी विसरलेलो नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चोख मालाच्या फळीपुढे मी कामगाराला क्वचितच पाहिले. ज्याच्या मागावरून निर्दोष तागा उतरत होता तो स्वतः डागी तुकडा वजनावर घेत होता. म्हणजे पानिपतच्या चादरीची कथा अगदीच नवी नव्हे. फरक असला तर एवढाच की तेव्हा तो जे घेई ते निदान त्याच्याच गावचे, त्याच्याच सोबत्याने विणलेले असे, आणि त्यातील खोट कोणत्या मागाची हे त्याला सांगता येई.

गिरण्या का बुडाल्या याची चर्चा या पृष्ठावर पूर्वी पुष्कळदा झाली असेल. तिची पुनरुक्ती करीत नाही. सोलापूरची पहिली गिरणी, जिला आम्ही जुनी गिरणी म्हणतो, १८७७ मध्ये सुरू झाली. पहिल्या महायुद्धापूर्वीच नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि हे कामगारांचे शहर झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये जुन्या गिरणीच्या चालकांनी कारखाना बंद केला. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. भागधारक न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने एका भागधारकाची याचिका फेटाळली. डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या प्रकरणात मात्र सरकारची ती कृती घटनाबाह्य ठरविली. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते त्यांत सोलापूरच्या या गिरणीचा निकाल आहे, हे आमच्या शहरातील किती वकिलांना ठाऊक आहे याची मला शंका आहे. बंद पडलेला कारखाना समाजाने चालवावा की नाही, हा प्रश्न या गावाने देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे नेला. पण गिरणी म्हणजे यंत्रे आणि भाग एवढाच आपला समज. तिच्या दुकानाचे काय, हा प्रश्न कोणत्याही मोर्च्याने कधी विचारला नाही. मीही विचारला नाही.

१९८५ च्या वस्त्रधोरणाने आजारी गिरण्यांना बंद होण्याची वाट सुकर केली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर सोलापूरच्या उरल्यासुरल्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. मालकांना, धोरणाला, बँकांना दोष देणे योग्यच आहे. परंतु त्याच शहरातील यंत्रमागांवर, जेथे भविष्यनिर्वाह निधी नाही, हजेरीपत्रक नाही, अशा ठिकाणी विणलेले कापड स्वस्त पडते म्हणून ते घेणारे आम्हीच होतो. संघटित कामगाराची बाजू सभेत घ्यावयाची आणि असंघटित कामगाराच्या स्वस्त श्रमाचा माल पिशवीत घालावयाचा, हे मध्यमवर्गाचे दुटप्पी गणित मी स्वतः केलेले आहे.

आता तो प्रसंग. गिरणी बंद पडून काही महिने झाले होते. कामगारांची देणी थकलेली होती. ग्रॅच्युइटी अडकलेली, शेवटच्या महिन्यांचे पगारही नाहीत. १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन दिवाळखोर कंपनीच्या मालमत्तेवर कामगारांच्या देण्याला तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकांच्या बरोबरीचे स्थान मिळाले होते. पण ते स्थान कागदावर होते आणि कागद न्यायालयात होता. अशा वेळी एके दिवशी बातमी आली की दुकानातील शिल्लक माल निकालात काढीत आहेत. मी कॉलेजमधून परस्पर गेलो. चोख पलंगपोस सुताच्या भावाहूनही कमी किमतीला मिळत होते. मी सहा घेतले. घेताना हिशेब केला आणि मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

फळीमागे तेच फोल्डिंग खात्यातील गृहस्थ होते, आता केस पूर्ण पिकलेले. त्यांनी सहाही पलंगपोस सवयीने उलगडून दाखविले. कोठेही खडूचे वर्तुळ नव्हते. पावती लिहिली, शिक्का मारला. मी सहज विचारले, “तुमचे किती राहिले आहेत गिरणीकडे?” ते म्हणाले, “सर, तुमच्या या पावतीतले किती माझे, तेवढं सांगा. तुम्ही इकॉनॉमिक्सचे.” त्यात राग नव्हता. मला उत्तर देता आले नाही. तांत्रिकदृष्ट्या उत्तर असे होते की, दुकानातील माल ही कंपनीची मालमत्ता असल्यामुळे तिच्या विक्रीचा पैसा आधी सुरक्षित ठेवून कायद्याने ठरलेल्या क्रमाने वाटला गेला पाहिजे. तो तसा ठेवला गेला की नाही हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. सहा पलंगपोस काखोटीस मारून मी घरी आलो. त्यांतील दोन अजून आहेत.

त्या दुकानाच्या आठवणीचा आजच्या रे नगराशी संबंध काय, असा प्रश्न वाचक विचारतील. संबंध असा की १५ हजार घरे ताब्यात आली म्हणजे १५ हजार स्वयंपाकघरे आणि १५ हजार अंथरुणे एका ठिकाणी आली. एकेका घराने वर्षाला दोन चादरी, चार टॉवेल, थोडीफार भांडी आणि बादल्या घेतल्या तरी ही मागणी एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेएवढी होते. आणि या घरांत राहणारे कोण? त्यांतील कित्येक जण चादर आणि टॉवेल विणणारेच. मागणी आणि उत्पादन एकाच भिंतीच्या आत असताना मध्ये पानिपतचा व्यापारी आणि आठवडी बाजारातला फसवा शिक्का यावा, याला नाइलाज म्हणता येत नाही. ती संघटनेची उणीव आहे.

१८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथे २८ जणांनी, ज्यांत विणकर होते, टोड लेनवर एक लहानसे दुकान उघडले. पहिल्या दिवशी लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. आमच्याकडे सहकाराच्या भाषणात त्यांचे नाव हटकून घेतले जाते. त्यांचे नियम मात्र कोणी सांगत नाही. त्यांनी स्वस्त विकले नाही. बाजारभावाने विकले, रोखीने विकले, भेसळ केली नाही, मापात मारले नाही, आणि जो नफा उरला तो ज्याने जितकी खरेदी केली त्याला त्या प्रमाणात परत केला. उधारी नाही, म्हणून पगारातून कपात नाही. आमच्या वाड्यातील त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर या एका नियमात आहे.

महाराष्ट्रात याला आधार नाही असेही नव्हे. १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात कामगारवस्तीतून अपना बाजार उभा राहिला, आणि गिरणगावातील कितीतरी संसार त्याच्या पिशवीवर चालले. उलट उदाहरणही समोर ठेवले पाहिजे. १९६६ च्या अवमूल्यनानंतर भाववाढ रोखण्यासाठी दिल्लीत सरकारने सुपर बाजार काढला आणि २००२ मध्ये तो बंद पडला. नेमलेले संचालक, गिऱ्हाइकापेक्षा वरिष्ठांकडे पाहणारा कारभार आणि मालाची गळती ही अशा भांडारांची नेहमीची दुखणी आहेत. सभासदाला आपण मालक आहोत असे वाटत नाही तेथे सहकारी भांडार हे सरकारी कचेरीचे धाकटे भावंड होते. म्हणून हे दुकान सरकारने काढावे अशी मागणी मी करणार नाही. सरकारकडे मागावयाची ती जागा, आणि तीही भाड्याने.

कोणी म्हणतील की आता घरपोच माल येतो, मोबाइलवर भाव दिसतो, फळी कोणाला हवी? घरपोच मालावर खडूचे वर्तुळ नसते. शिवाय आज सोलापुरातील यंत्रमाग कामगाराला नगावर मजुरी मिळते. त्याने विणलेला टॉवेल शेवटी कोणत्या भावाने विकला जातो हे त्याला बहुधा ठाऊक नसते. ते ठाऊक नसल्यामुळे मजुरीच्या वाटाघाटीत तो आंधळा बसतो. स्वतःच्या वसाहतीतील फळीवर तोच टॉवेल, त्यावर सुताचा खर्च इतका, मजुरी इतकी, बाकीचे इतके, असे लिहून ठेवलेला त्याने रोज पाहिला, तर पुढच्या वेळी मालकासमोर बसताना त्याच्या खिशात युनियनच्या पत्रकाहून अधिक काही असेल. दुकानाचा खरा उपयोग मला येथे दिसतो. चादर चार रुपयांनी स्वस्त मिळणे ही त्यामानाने लहान गोष्ट.

अडचणी आहेत. रोख विक्रीचा नियम पाळणे विडी कामगार स्त्रीला कठीण जाईल, कारण तिच्या हाती पैसा आठवड्याने येतो आणि त्यालाही वाटा फुटलेल्या असतात. भिशीच्या धर्तीवर आठवड्याला थोडी रक्कम आधी भरून दिवाळीत माल उचलण्याची सोय यावर काढता येईल. बायका भिशी आमच्यापेक्षा चोख चालवितात. कारखानदार आपला माल अशा दुकानाला देणार नाहीत, असेही होईल. पण सोलापुरात दोन-चार माग घेऊन घरच्या घरी विणणारे अजून आहेत आणि त्यांना गिऱ्हाइकाचीच वाण आहे. त्यांच्याकडील अस्सल दुहेरी विणीची चादर पहिल्या दिवशी फळीवर ठेवता येईल. पासाचा प्रश्न येऊ नये. बदली असो, विडीवाली असो, रिक्षावाला असो, सभासदत्वाचा भाग सर्वांना एकाच किमतीचा असावा.

त्या यजमानांना मी हे सारे बोलून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला तो भांडवलाचा नव्हता. “सर, डागी माल ठेवायचा का?” मी म्हणालो, जरूर ठेवायचा. ते म्हणाले, मग फळीमागे बसणारा माणूस माग चालविलेला पाहिजे, नाहीतर खोट कुठे आहे ते त्याला दिसणार नाही. वसाहतीत असे निवृत्त झालेले, डोळे अजून शाबूत असलेले पाच-सहा जण आहेत. त्यांची नावे त्यांनी मला तेथेच बोटांवर मोजून दाखविली.